मुंबई पंक संग्रह: कॅसेट तगल्या, एमपीथ्री हरवल्या

एका जुन्या ड्रमरने माळ्यावरून काढून दिलेला कॅसेटचा खोका एकदाचा हातावेगळा झाला. बहुतेक साध्या फेरिक टेप, त्यावर तालमी आणि रंगभवन या मुंबईतल्या खुल्या नाट्यगृहाच्या गर्दीतून केलेली रेकॉर्डिंग. मुंबईच्या दमट हवेने टेपच्या कडांवर पांढरी बुरशी चढली होती. मंडळी, अशी कॅसेट थेट डेकमध्ये घालू नका. बुरशी हेडवरून, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावरून, पुढच्या टेपवर जाते. मी रिळं काढून स्क्रूच्या नव्या शेलमध्ये बसवली आणि मऊ, कोरड्या कापडातून टेप हाताने हळूहळू फिरवली. एकीचा प्रेशर पॅड गळून पडला होता. टेप हेडला नीट टेकतच नव्हती, आवाज गादीखालून आल्यासारखा. नवा पॅड बसवून अझिमथचा, म्हणजे हेडचा कोन ठरवणारा, स्क्रू कानाने जुळवला आणि झांजा लख्ख ऐकू आल्या! सगळं 24 बिट, 96 किलोहर्ट्‌झ डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये घेतलंय. खरखर काढायची ती प्रतीवर, मूळ फाइलला हात लावायचा नाही.

या टेपवर निखळ पंक थोडंच आहे. 1986 पासून भरणाऱ्या इंडिपेन्डन्स रॉक महोत्सवात वजन मेटल आणि हार्ड रॉकचं होतं. तरी त्या संग्रहात हव्यातच. शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातल्या मैफली थांबल्या, पण तिथलं पब्लिक कसं ओरडायचं ते इथे ऐकू येतं.

मला खरी धास्ती आहे ती नंतरच्या, एमपीथ्रीच्या काळाची. द रायट पेडलर्स, द लाइटइयर्स एक्स्प्लोड अशी बँडांची नावं निदान लोकांच्या लक्षात आहेत. पण दोन-चार गिग करून फुटलेल्या कॉलेजातल्या बँडांचं काय? त्यांचे डेमो मायस्पेस या गाणी चढवायच्या साइटवर, गप्पा ऑर्कुटवर. ऑर्कुट 2014 मध्ये बंद झालं. सर्व्हर बदलताना 2015 पर्यंत चढवलेली गाणी गेल्याचं मायस्पेसने 2019 मध्ये सांगितलं. माळ्यावर पडलेली टेप निदान दुरुस्त तरी करता येते.

म्हणून आता मोर्चा सीडी-आर आणि जुन्या हार्ड डिस्ककडे. सोबत फ्लायरचं स्कॅनिंग चालू आहे, 600 डीपीआय, दोन्ही बाजू. एकाच्या पाठीवर बॉलपेनने सेटलिस्ट आणि शेजारी टॅक्सीभाड्याची वाटणी लिहिलेली सापडली. कुणाकडे काही असेल तर फाइलचं नाव न बदलता पाठवा. तारीख, जागा, कोण वाजवत होतं, आठवेल तेवढं लिहा. बँडला विचारल्याशिवाय काहीही जाहीर करणार नाही.