देव न मानणारा ज्यू

न्यू जर्सीहून पुण्याला आले की एक प्रश्न मला हमखास विचारला जातो: तुमचा जावई देव मानत नाही, मग तो ज्यू कसा? तुम्हीही विचारलंत, म्हणून या वेळी हसण्यावारी न नेता सांगते.

परंपरेनुसार ज्यू आईच्या पोटी जन्मलेला माणूस श्रद्धा सोडली तरी ज्यूच राहतो. तिथे देव मानण्यापेक्षा रीती पाळण्याला वजन आहे. (अलिबागकडच्या शनवार तेल्यांनीही, म्हणजे कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंनीही, रब्बी म्हणजे धर्मगुरू आणि ग्रंथ नसताना पिढ्यान्‌पिढ्या शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती, राखलाच.) अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राच्या २०२० च्या पाहणीत बायबलमधल्या ईश्वरावर विश्वास असल्याचे फक्त २६ टक्के अमेरिकी ज्यू प्रौढांनी सांगितले, मात्र त्याआधीच्या वर्षभरात वल्हांडणाच्या, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून झालेल्या सुटकेच्या सणाच्या, सेदर या विधिवत भोजनाला गेलेले ६२ टक्के होते. आमचा जावई त्यांतलाच. त्या सुटकेच्या वेळी समुद्र दुभंगला यावर त्याचा तिळमात्र विश्वास नाही. पण त्या रात्री तो हगादा, म्हणजे त्या सुटकेच्या कथेची पोथी, मोठ्याने वाचतो आणि पुढे सण संपेपर्यंत रीतीप्रमाणे पावाला हात लावत नाही.

हे काही आजचे नाही. मॉर्डेकाय कॅप्लन या रब्बींनी १९३४ मध्येच ज्यू धर्म ही एक उत्क्रांत होत जाणारी संस्कृती आहे अशी मांडणी केली, आणि चमत्कार करणारा ईश्वर नाकारला. १९४५ मध्ये सनातनी रब्बींनी त्यांना बहिष्कृत केले, त्यांचे प्रार्थनापुस्तकही जाळले गेले. आज कॅप्लन यांचे नावही न ऐकलेले असंख्य ज्यू त्यांच्याच वाटेने चालतात, असे मला वाटते.

पुढे काय, याचे उत्तर मात्र घराघरांत किती मुले जन्मतात यात आहे. प्यूच्या त्याच पाहणीनुसार ऑर्थोडॉक्स, म्हणजे सनातनी, ज्यू एकूण अमेरिकी ज्यू प्रौढांत ९ टक्के असले तरी तिशीच्या आतल्यांत १७ टक्के आहेत, कारण त्यांच्याकडे सरासरी ३.३ मुले होतात आणि इतरांकडे १.४. त्याच तरुण वयोगटातले ४० टक्के आपल्याला कोणताच धर्म नसल्याचे सांगतात. दोन्ही टोके वाढत असताना, विसाव्या शतकाच्या मध्यावर जोरात असलेला कॉन्झर्व्हेटिव्ह हा मधला पंथ आटत चालला आहे, आणि मला त्याचेच वाईट वाटते, कारण जुने आणि नवे यांच्यात भांडत भांडत मेळ घालण्याचे काम तो करत असे.

ही दरी आमच्या घरातूनही जाते. त्याच पाहणीत २०१० नंतर विवाह केलेल्या बिगर-ऑर्थोडॉक्स ज्यूंपैकी ७२ टक्क्यांचे जोडीदार ज्यू नाहीत. माझी लेक अशाच जोडीदारांपैकी एक. रिफॉर्म या सुधारणावादी पंथाने १९८३ मध्ये पित्याकडून येणारा वारसा मान्य केला, त्यामुळे ज्यू म्हणून वाढवलेली माझी नात त्यांच्या लेखी ज्यू ठरते. आमच्याच राज्यातल्या लेकवुडच्या ऑर्थोडॉक्स वस्तीत मात्र ती ज्यू गणली जाणार नाही. पुढच्या वर्षी तिचा बात मित्झ्वा, म्हणजे मुलगी धर्माच्या दृष्टीने सज्ञान झाल्याचा सोहळा, आहे. तोरा या धर्मग्रंथाचा कोणता भाग वाचायचा ते ठरले आहे, ती दर रविवारी हिब्रू शिकायला जाते, आणि देवावर तुझा विश्वास आहे का, असे तिला अजून कोणी विचारलेले नाही.