काळजीच्या इंग्रजी छटा आणि पुण्यातला जुलै

इंग्रजी शब्दसंग्रह वाढवण्याच्या पुस्तकांत काळजीच्या शब्दांची एक शिडी हमखास आढळते. सर्वांत खालच्या पायरीवर कन्सर्न, त्यावर वरी, मग ॲंग्झायटी आणि अगदी वर ड्रेड, म्हणजे जणू एकच भावना थोडी असेल तर पहिला शब्द वापरायचा आणि पुष्कळ असेल तर शेवटचा. अप्पा बळवंत चौकात मिळणारी स्पर्धा परीक्षांची पुस्तकेही याच पद्धतीने हे शब्द पाठ करायला सांगतात. मला ही शिडी मुळातच चुकीची वाटते. या शब्दांमधला फरक कमी-जास्तपणाचा नाही. ज्याची काळजी वाटते ती गोष्ट आपल्याला दिसते की नाही, ती आपली स्वतःची आहे की आपण तिच्याकडे बाहेरून पाहत आहोत आणि मन त्या वेळी नेमके काय करत आहे, यांवर कोणता शब्द योग्य ते ठरते.

वरी या शब्दापासूनच सुरुवात करतो. (उपवासाच्या वरीशी त्याचा काहीही संबंध नाही, हे पुण्यातल्या वाचकांसाठी सांगितलेले बरे.) जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ गळा दाबणे असा होता. पुढे लांडग्याने किंवा कुत्र्याने मेंढीचा गळा धरून तिला लोळवणे, लचके तोडणे, या अर्थाने तो रूढ झाला. सॅम्युअल जॉन्सनच्या 1755 च्या कोशात या क्रियापदाचे अर्थ श्वापदाने भक्ष्याला फाडणे आणि एखाद्याला क्रूरपणे छळणे असे दिलेले आहेत. मनातल्या मनात काळजी करत बसणे हा आज सर्वांना ठाऊक असलेला अर्थ तिथे नाही, कारण तो रुळला एकोणिसाव्या शतकात. जुना अर्थ मात्र पूर्णपणे गेलेला नाही. ब्रिटनमध्ये पाळीव जनावरांच्या संरक्षणासाठी 1953 साली झालेल्या कायद्यात, शेतजमिनीवर कुत्र्याने मेंढ्यांना ‘वरी’ केल्यास मालक दोषी ठरतो, आणि तिथे मेंढ्यांच्या मनःस्थितीचा विचार अभिप्रेत नाही.

हा इतिहास नुसता गमतीचा नाही, कारण कुत्रा जसा धरलेले सोडत नाही आणि पुन्हा पुन्हा झटके देतो, तोच गुण आजच्या वरीमध्ये टिकून आहे. वरी ही मनाची क्रिया आहे. ती करावी लागते, आणि म्हणूनच ती करू नकोस असे सांगता येते. मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 साली वरीची जी व्याख्या केली, तिच्यात नकारात्मक आणि सहजासहजी न आवरणाऱ्या विचारांची व प्रतिमांची साखळी हा गाभा होता. आणि ही साखळी बहुतांशी शब्दांत चालते, चित्रांत कमी, असे त्यांच्या पुढील संशोधनाने दाखवले. ‘समजा असे झाले तर, आणि मग तसे झाले तर’ हे जे मनाचे स्वगत रात्री दोन वाजता सुरू होते, ते वरीचे शुद्ध रूप होय. मराठीत आपणही ‘काळजी करू नकोस’ म्हणतो आणि ‘भीती करू नकोस’ म्हणत नाही, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

ॲंग्झायटी ही क्रिया नसून अवस्था आहे. तिचे मूळ लॅटिनमधील आवळणे, घुसमटवणे या अर्थाच्या क्रियापदात आहे. छातीच्या विकाराचे ॲन्जायना हे नाव, जर्मनमधला आंग्स्ट आणि आपल्या वेदांतला संकट, कोंडी या अर्थाचा अंहस् हे सर्व एकाच कुळातले. म्हणजे वरीत दुसरे कोणीतरी गळा धरते आणि ॲंग्झायटीत जागाच अरुंद होत जाते. त्यामुळे तिला विषयाची गरज नसते. काय झाले, असे विचारल्यावर वरी असलेला माणूस कारण सांगतो, तर ॲंग्झायटी असलेला माणूस पुष्कळदा गप्प बसतो आणि विचारणाऱ्याला तो काहीतरी लपवत आहे असे वाटते. याच शब्दाच्या विशेषणाला मात्र एक अगदी वेगळी, उजळ बाजू आहे. एखादा इंग्रज आपल्याला भेटण्यास ॲंक्शस आहे असे लिहितो, तेव्हा तो घाबरलेला नसून आतुर असतो. आपल्या ‘चिंतातुर’ या समासातही आतुर हा शब्द चिंतेच्या मांडीला मांडी लावून बसलेला आहे, जरी तिथे त्याचा अर्थ पीडित असा असला.

तत्त्वज्ञ सोरेन किर्केगार्दने 1844 साली लिहिलेल्या डॅनिश ग्रंथाच्या शीर्षकात याच कुळातला शब्द आहे. त्याच्या 1944 च्या इंग्रजी भाषांतरात त्या शब्दाला ड्रेड म्हटले गेले आणि 1980 च्या भाषांतरात ॲंग्झायटी. छत्तीस वर्षांच्या अंतराने भाषांतर करणारे दोन जाणकार अनुवादक एकाच शब्दासाठी शिडीच्या दोन वेगवेगळ्या पायऱ्यांवर जाऊन उभे राहत असतील, तर ती शिडी कितपत भक्कम आहे याचा विचार करावा.

या शब्दांची परीक्षा घेण्यासाठी पुण्यातला जुलै महिना उत्तम आहे. खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडायला सुरुवात झाली, क्युसेकचे आकडे मोबाइलवर फिरू लागले आणि भिडे पूल पाण्याखाली गेला, की नदीकाठच्या एकाच सोसायटीत हे सारे शब्द एकाच वेळी नांदू लागतात. तळमजल्यावर ज्याची दुचाकी उभी आहे आणि जो दर अर्ध्या तासाने खाली जाऊन पाणी कुठवर आले ते पाहतो, त्याची ती वरी. आकाशाकडे पाहून ‘यंदाचे लक्षण काही बरे दिसत नाही’ असे म्हणणाऱ्याचे ते ॲप्रिहेन्शन; या शब्दाच्या मुळाशी पकडणे आहे, पोलिसांनी आरोपीला पकडण्यासाठीही इंग्रजीत हेच क्रियापद वापरतात, आणि येथे मनाने पुढची आपत्ती ती येण्याआधीच धरून ठेवलेली असते. ज्या आजोबांनी 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटल्यावर पेठांत शिरलेले पाणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे, त्यांना जे वाटते ते ड्रेड. काय होऊ शकते हे त्यांना नेमके ठाऊक आहे, त्यामुळे त्यांच्या मनात ‘समजा’ला जागाच नाही. मराठीत याला आपण धसका म्हणतो, आणि धसक्यालाही घडून गेलेली घटना लागतेच.

आता टेकडीवर, कोणत्याही पुराची पातळी पोहोचणार नाही अशा उंचीवर राहणारा एखादा माणूस घ्या. त्याला धोका नाही आणि तसा तो नाही हे तो स्वतः मान्य करतो, तरीही पावसाचा आवाज वाढला की त्याची छाती धडधडते आणि झोप उडते. ही ॲंग्झायटी. चौघांत धोका सर्वांत कमी त्याला आहे आणि कदाचित त्रास सर्वांत जास्त त्यालाच होत आहे.

राहिला कन्सर्न. नदीकाठच्या रहिवाशांनी सतर्क राहावे अशा आशयाची प्रशासनाची जी सूचना येते, तिच्या इंग्रजी प्रतीत हा शब्द शोभतो, कारण तो मुख्यतः नात्याचा शब्द आहे: अमुक गोष्ट आमच्या कक्षेत येते, तिच्याकडे आमचे लक्ष आहे, एवढेच तो सांगतो. भावना असेलच असे नाही. निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जीवजातींची जी वर्गवारी केली आहे, तिच्यात आपली साळुंकी ‘लीस्ट कन्सर्न’ या गटात मोडते. याचा अर्थ साळुंकीवर कोणाचे प्रेम नाही असा नव्हे, तर तिचे नाव धोक्याच्या यादीत घालण्याचे कारण आज नाही, इतकाच. परराष्ट्र खात्यांच्या निवेदनांतला कन्सर्न याच जातीचा. आपली वृत्तपत्रे त्याचे भाषांतर ‘चिंता व्यक्त केली’ असे करतात आणि त्यातला ‘व्यक्त केली’ हा भाग बरेच काही सांगून जातो, कारण आईला चिंता वाटते, ती कधी व्यक्त केली जात नाही.

याच शब्दाची आपल्याकडे एक मजेदार गल्लत होते. पुण्यातल्या कार्यालयांत ‘कन्सर्न्ड पर्सनला भेटा’ हे वाक्य दिवसातून कितीदा तरी ऐकू येते. इंग्रजीत हे विशेषण नामाच्या आधी आले की सर्वसाधारणपणे चिंतित असा अर्थ होतो आणि नामानंतर आले की संबंधित. म्हणजे आपण लोकांना संबंधित माणसाकडे पाठवतो आहोत असे समजतो आणि इंग्रज कानांना मात्र आपण त्यांना चिंताक्रांत माणसाकडे पाठवल्यासारखे वाटते. (खिडकीपलीकडचा माणूस चिंतित असता तर रांग लवकर सरकली असती.) भारतीय इंग्रजीत हा प्रयोग आता इतका मुरला आहे की त्याला चूक म्हणण्यात अर्थ नाही, पण परदेशी पत्रव्यवहारात तो जपून वापरावा. हिंजवडीत नोकरी करणाऱ्यांनी तर आणखी एक गोष्ट ओळखायला शिकावे. परदेशी वरिष्ठ तुमच्या कामाविषयी कन्सर्न्ड असल्याचे लिहितात, तेव्हा त्यांना तुमची काळजी वाटत नसते. ती सभ्य भाषेतली ताकीद असते.

उरलेल्यांपैकी काहींना मराठीत इतके नेमके जोडीदार आहेत की समजावण्याची गरजच पडत नाही. मिसगिव्हिंग म्हणजे शंकेची पाल चुकचुकणे. मेख इतकीच, की मिसगिव्हिंग बहुधा आपण करू घातलेल्या किंवा नुकत्याच केलेल्या गोष्टीविषयी असते. लोकरीचे ओले कापड चौकटीवर ताणून ज्या आकड्यांना अडकवत, त्या टेंटरहुक्सवर असणे म्हणजे जीव टांगणीला लागणे. फ्रेट या क्रियापदाचा मूळ अर्थ खाऊन टाकणे, आणि मराठीतही काळजी माणसाला खाते.

टेन्शन हा शब्द मात्र आपण इंग्रजीतून घेऊन संपूर्णपणे आपला केला. ‘टेन्शन घेऊ नको’ याचे शब्दशः इंग्रजी केले तर ते इंग्रजी राहत नाही, कारण तिकडे टेन्शन प्रामुख्याने दोन माणसांत, दोन देशांत किंवा ताणलेल्या तारेत असते. या उसनवारीत लाजण्यासारखे काही नाही. टेन्शनचे लॅटिन मूळ आणि ज्या संस्कृत तन् धातूवरून आपला ताण आला तो धातू, हे सख्खे भाऊ आहेत.

खरी अडचण वैद्यकातल्या भाषांतरात येते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत सार्वत्रिक चिंताविकाराच्या पहिल्याच निकषात ॲंग्झायटी, वरी आणि ॲप्रिहेन्सिव्ह हे तिन्ही शब्द एका ओळीत येतात आणि तिन्हींना ‘चिंता’ म्हटले तर वाक्य हास्यास्पद होते. ॲंग्झायटीला मी चिंताग्रस्तता म्हणेन, वरीला काळजी करत राहणे आणि ॲप्रिहेन्सिव्हला धास्तीचे. याच विकारासाठी 2006 साली प्रसिद्ध झालेल्या सात प्रश्नांच्या चाचणीत गेल्या दोन आठवड्यांविषयी विचारतात. तिचा दुसरा प्रश्न वरी थांबवता न येण्याचा आहे, म्हणजे तिथे क्रिया आहे, अवस्था नाही, आणि मराठीतही क्रियापदच हवे. पहिल्या प्रश्नात नर्व्हस, ॲंक्शस आणि ‘ऑन एज’ असे तीन पर्याय शेजारी शेजारी ठेवले आहेत. त्यांतला नर्व्हस मी तसाच ठेवीन, कारण तो शब्द आता शनिवार पेठेतल्या आजींच्या तोंडीही असतो. ॲंक्शससाठी ‘जिवाला घोर लागल्यासारखे’. आणि ऑन एजसाठी कोशातला कोणताही शब्द न घेता ‘जरा खुट्ट झाले की दचकायला होणे’ असे लिहीन.