‘स्मरण’ सहाला सुरू होतं

आमच्या मंडळाचं वार्षिक संमेलन डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी असतं. दीपप्रज्वलन, अहवाल, पाहुण्यांचं मनोगत हे दरवर्षी होतं आणि होतं तसंच ते. मी जातो ते ‘स्मरण’साठी. वर्षभरात गेलेल्या कलावंतांवर आणि खेळाडूंवर आपल्यातल्याच कुणीतरी पाच मिनिटं बोलायचं. जन्म, शिक्षण, पुरस्कार वाचायचे नाहीत. त्या माणसाचं एखादं काम आठवून सांगायचं. यादी मी करतो, तेव्हा मी काही तटस्थ नाही.

२०२२ ची यादी जड होती. फेब्रुवारीच्या पहिल्याच आठवड्यात रमेश देव आणि लतादीदी, ऑगस्टमध्ये प्रदीप पटवर्धन, नोव्हेंबरअखेर विक्रम गोखले. कार्यक्रमपत्रिका छापायला गेली आणि १० डिसेंबरला सुलोचना चव्हाण गेल्या. लतादीदींवर बोलायला रांग लागलेली, सुलोचनाबाईंवर बोलायला कुणी पुढे येईना. शेवटी सभासदाबरोबर आलेल्या एका आजी बसल्या जागेवरूनच बोलल्या. डोक्यावरचा पदर ढळू न देता ती बाई लावणी गायची आणि ठसका मात्र शब्दाशब्दाला, एवढंच त्यांचं म्हणणं. मग दोन ओळी गुणगुणल्या. माइक त्यांच्यापर्यंत पोचेस्तोवर त्यांचं संपलंही होतं. त्या संध्याकाळचं इतर कुणाचं भाषण मला आठवत नाही.

खेळाडूंचं नाव घेतलं की निम्मं सभागृह गप्पा मारायला बाहेर जातं. हे मला दरवर्षी लागतं आणि मी दरवर्षी बोलूनही दाखवतो. २०२४ मध्ये अंशुमन गायकवाडांवर गणिताचे आमचे निवृत्त सर बोलले. १९७६ मध्ये किंग्स्टनला चेंडू कानावर बसला तेव्हा गायकवाड ८१ धावांवर होते, तिथून जखमी होऊनच मैदानाबाहेर गेले. आणि १९८३ मध्ये जालंधरला त्याच माणसाने पाकिस्तानविरुद्ध ६७१ मिनिटं उभं राहून २०१ धावा केल्या. “अकरा तासांच्या वर! तुम्हाला पाच मिनिटं बसवत नाही,” असं सर दाराकडे बघून म्हणाले. बाहेरच्यांना ते ऐकू गेलं नाही, हीच खंत. त्याच वर्षी संमेलनाच्या ऐन तोंडावर झाकीर हुसेन गेले. तिथे भाषण ठेवलं नाही. एका सभासदाच्या मुलाने तबला वाजवला, बेताचाच, पण मनापासून.

सरांचीच आणखी एक गोष्ट सांगायला हवी. २०२३ मध्ये बिशनसिंग बेदींवर बोलताना त्यांनी षटकार मारणाऱ्या फलंदाजासाठी टाळ्या वाजवणारा गोलंदाज असा उभा केला की क्रिकेट न कळणाऱ्या आमच्या कोषाध्यक्ष वहिनीही हसल्या. शेवटी मात्र म्हणाले, “याच काळात मुंबईत दुसरा एक डावखुरा वाट बघत बसला होता. त्याच्यावर बोलायची वेळ माझ्यावर न येवो.”

ती वेळ आली. ३ मार्च २०२५ ला पद्माकर शिवलकर गेले आणि डिसेंबरात सर कागद न घेता उभे राहिले. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, कसोटी एकही नाही. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर तमिळनाडूचे एका डावात १६ धावांत आठ, दुसऱ्यात १८ धावांत पाच बळी. बेदी होते म्हणून शिवलकरांना जागा नव्हती, याचा राग सरांच्या आवाजात जराही नव्हता. मग त्यांनी मोबाइलवर ‘हा चेंडू दैवगतीचा’ लावलं. मागून एका पोराने विचारलं, “हा गायक कोण?” सर म्हणाले, “हाच तो. बोलर.” तेवढ्यापुरता तरी कुणी बाहेर गेला नाही.

त्याच वर्षीच्या यादीत बाळ कर्वे होते. त्यांच्यासाठी कुणाला विनवावं लागलं नाही. त्यांनी साकारलेल्या गुंड्याभाऊंचं नुसतं नाव घेतलं आणि पहिल्या दोन रांगांतले सगळे एकदम बोलू लागले.

आता ज्यांच्यावाचून हे होत नाही ते. ध्वनिक्षेपक सांभाळणारे काका. फोटो मोठे करून चौकटीत बसवणारे दादा. सूत्रसंचालन करणाऱ्या ताई आणि त्या आजारी पडल्या त्या वर्षी आयत्या वेळी उभी राहिलेली त्यांची मुलगी. सतरंज्या घालणारी आणि रात्री त्या झटकून ठेवणारी मुलं, विशेषतः ती दोघं जी फोटोत कधीच नसतात. सभागृहाचे पहारेकरी मामा, जे दिवे घालवायला मुद्दाम उशीर करतात. आणि प्रत्येक नाव, प्रत्येक तारीख वर्तमानपत्रातून पडताळणारी आमची ग्रंथपाल. व्हॉट्सॲपने भल्याभल्यांना हयातीतच निरोप दिलाय. तिच्यामुळे आमच्या यादीत अजून एकही जिवंत माणूस आलेला नाही. कुणी राहिलं असेल तर मला लगेच कळवा, रागावून बसू नका.

यंदाही शेवटचा रविवार. ‘स्मरण’ सहाला सुरू होतं. समूहछायाचित्र साडेआठला असतं, हे सगळ्यांना बरोबर ठाऊक आहे.