तालमीच्या फुटबॉल संघाचा इतिहास जुळवताना: माझा अनुभव

कोल्हापुरात फुटबॉलचा संघ म्हणजे बहुतेक वेळा तालीमच. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही सगळी आधी तालमींची नावं. आमच्या पेठेतल्या तालमीच्या संघाचा इतिहास लिहायला घेतला, तेव्हा पहिला घोळ इथेच झाला. तालीम सुरू झाली ते साल, संघ पहिल्यांदा मैदानात उतरला ते साल आणि संस्थेची सरकारदरबारी नोंद झाली ते साल, अशा या तीन वेगळ्या तारखा आहेत आणि त्यांच्यात काही दशकांचं अंतर पडू शकतं. दारावरच्या फलकावर ‘स्थापना’ म्हणून जे साल असतं, ते बहुधा कुस्तीच्या तालमीचं. तेच फुटबॉल संघाला लावलं, की पुढचा सगळा हिशेब चुकतो. म्हणून वहीचं पहिलं पान या तीन तारखांसाठी ठेवलं आणि प्रत्येकीपुढे पुराव्याचा रकाना आखला.

नोंदणीची तारीख सगळ्यांत सोपी. धर्मादाय आयुक्तांच्या कोल्हापूर कार्यालयात नकलेचा अर्ज द्यायचा, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. अर्जात नोंदणी क्रमांक हवाच. तो तालमीच्या जुन्या लेटरहेडवर किंवा वर्गणीच्या पावतीपुस्तकावर सापडतो. नुसतं नाव दिलं तर अर्ज पडून राहतो, कारण सारख्या नावाची मंडळं पुष्कळ. परिशिष्ट एकचा (धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतल्या संस्थेच्या नोंदीचा) उतारा तर घ्यावाच, पण खरा माल चेंज रिपोर्टमध्ये असतो. कार्यकारिणी बदलली की तो दाखल करावा लागतो, त्यामुळे कोणत्या साली अध्यक्ष आणि सचिव कोण, हे तारखेनिशी कळतं. जोडीला ऑडिटचे ताळेबंद मागावेत. ‘क्रीडा साहित्य’ किंवा ‘स्पर्धा प्रवेश फी’ असा खर्च ज्या वर्षी पहिल्यांदा दिसतो, त्या वर्षी संघ होता एवढं नक्की. त्याआधी नव्हता, असं मात्र त्यावरून म्हणता येत नाही. पेठेत चेंडू आणि जर्सी पुष्कळदा कुणीतरी पदरचे पैसे घालून आणायचं, आणि तो खर्च वहीत यायचाच असं नाही.

सामन्यांसाठी वर्तमानपत्रांशिवाय पर्याय नाही. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं. अशा जुन्या वाचनालयांत आधी अंकांच्या बांधीव फायली पाहाव्यात. बाराही महिने चाळण्याची गरज नाही. इथला हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या शेवटी थांबतो, म्हणून नोव्हेंबर ते जून एवढंच बघावं. फाईल झेरॉक्स मशीनवर उलटी दाबू नये, शिवण उसवते आणि पिवळा कागद घडीवर तुटतो. मोबाईलने फोटो काढावा, फ्लॅश बंद ठेवून. आधी पानाच्या माथ्यावरची तारीख टिपावी, मग बातमी. हा क्रम सोडला, की घरी आल्यावर नुसती कात्रणं उरतात आणि साल लागत नाही.

तारखेत एक खाच आहे. बातमी दुसऱ्या दिवशी छापून येते, म्हणून सामन्याची तारीख एक दिवस मागे घ्यायची. पण २६ जानेवारीला वर्तमानपत्राच्या कचेरीला सुट्टी असते आणि २७ चा अंक निघत नाही. त्यामुळे २८ तारखेच्या अंकातला सामना २६ चाही असू शकतो आणि २७ चाही. दिवाळीच्या सुट्टीला तेच. अशा वेळी बातमीत ‘काल’ आहे की वाराचं नाव आहे, ते नीट वाचावं.

लीगचा गुणतक्ता मिळाला तर सोनंच. तो तपासायच्या तीन युक्त्या. सगळ्या संघांनी केलेल्या गोलांची बेरीज आणि सगळ्यांनी खाल्लेल्या गोलांची बेरीज सारखी यायलाच हवी. नाही आली तर छपाईत चूक आहे. विजयाला दोन गुण होते की तीन, हे तक्त्यातूनच काढता येतं: जिंकलेल्या सामन्यांना आधी दोनाने, मग तीनाने गुणून त्यात बरोबरीचे मिळवून पाहायचे. आणि १६ संघ एकमेकांशी एकदा खेळले, तर प्रत्येकाचे १५ आणि एकूण १२० सामने होतात. आपल्या संघाचे तेराच सापडले असतील, तर दोन अजून फायलीत आहेत. हंगामाचं साल मात्र नेहमी जोडून लिहावं, १९७८-७९ असं. एकच साल लिहिलं, की डिसेंबरातला सामना आणि मे महिन्यातला अंतिम सामना दोन वेगळ्या वर्षांत जाऊन बसतात, आणि एका विजेतेपदाची दोन होतात.

ढाली आणि चषक हा पुरावा आहे, पण दर दसऱ्याला पितांबरीने घासून घासून अक्षरं सपाट झालेली असतात. पितळी पट्टीवर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी फिरवली, की खोदलेलं अक्षर पांढरं उमटतं. तरीही नाही दिसलं, तर खोलीत अंधार करून बॅटरी पट्टीला जवळजवळ चिकटवून बाजूने धरावी. खोदकामाच्या कडेला सावली पडते. आमच्या एका ढालीवरचा ‘३’ की ‘८’ हा वाद असाच मिटला. फिरता चषक आणि कायमचा चषक यांची नोंद वेगळी ठेवावी. फिरता परत गेलेला असतो, तालमीत उरतो तो फक्त फोटो.

आता फोटो. फ्रेममधला जुना फोटो ओलीने काचेला चिकटलेला असेल, तर तो सोडवायला जाऊ नये, वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकट फोटो काढावा, थोडं तिरकं उभं राहून, म्हणजे चमक येत नाही. सुटे फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करावेत, मागची बाजूसुद्धा. स्टुडिओच्या शिक्क्यात पिन कोड असेल तर शिक्का १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, कारण पिन कोड तेव्हा सुरू झाले. पुढे ठेवलेला चेंडू काळ्यापांढऱ्या ३२ तुकड्यांचा असेल, तर फोटो बहुधा १९७० च्या वर्ल्ड कपनंतरचा. अनवाणी पायांवरून मात्र काळ ठरवू नये. बूट सक्तीचे झाल्यानंतरही पेठेच्या मैदानांवर पोरं अनवाणी खेळतच राहिली.

जुन्या खेळाडूंकडे जाताना फोटो घेऊनच जावं. ‘तुमच्या वेळचं सांगा’ म्हटलं, की ठरलेल्या दोन-चार आठवणी येतात. फोटोवर बोट ठेवून ‘हे कोण?’ विचारलं, की डावीकडून उजवीकडे सगळी रांग बोलू लागते. नावं टोपणनावाने येतात. एका संघात तीन बाळू असतात, म्हणून आडनाव, गल्ली आणि जागा (हाफ, स्टॉपर, सेंटर फॉरवर्ड) तिथल्या तिथे लिहून घ्यावी. साल विचारू नये, खूण विचारावी: कोयनेचा भूकंप झाला तेव्हा खेळत होता का? तो ११ डिसेंबर १९६७ चा, पहाटेचा, ऐन हंगामातला. एकानेच सांगितलेली गोष्ट ‘आठवण’ म्हणून लिहावी. दुसऱ्या तालमीच्या खेळाडूनेही सांगितली, तर ती नोंद समजावी. हरलेल्या संघाची आठवण गोलांच्या बाबतीत जास्त खरी निघते, हे मला ठामपणे सांगावंसं वाटतं.

मसुदा तयार झाल्यावर तालमीत महिनाभर लावून ठेवला. दुरुस्ती तोंडी घ्यायची नाही असा नियम ठेवला: कागद, फोटो किंवा कात्रण, आणि देणाऱ्याची सही. मूळ वस्तू ठेवून घेतली नाही, समोरच फोटो काढून परत दिली. यामुळे लोक पेट्या उघडतात. ज्या हंगामांचं काहीच मिळालं नाही, तिथे ‘नोंद मिळाली नाही’ असं लिहून निम्मं पान कोरं सोडलं. छापील प्रतींतली एक वाचनालयात दिली, आणि चालू हंगामाच्या खेळाडू-नोंदणीची यादी दरवर्षी फाईलला लावायचं काम सचिवांच्या जबाबदारीत ठरावाने घातलं.