तुम्ही विचारलंत म्हणून: नोंदी रविवारवर का टाकू नयेत

समुपदेशनाचं काम नव्याने सुरू केलेली मुलंमुली मला जळगावात भेटली की एक प्रश्न हमखास येतो. "ताई, सेशन नीट होतं, पण नोट्स तुंबतात. तुम्ही रोजच्या रोज कशा लिहिता?"

सुरुवातीची काही वर्षं मीही लिहीत नव्हते. आठवडाभराची माणसं मी रविवारी डायरीतल्या नावांवरून आठवत बसायचे. ते कशामुळे सुटलं, ते आधी सांगते.

अमळनेरकडच्या एक काकू यायच्या (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "घरमा जीव लागत नही." रविवारी मी लिहिलं, 'मन लागत नाही, उदासी.' मग तीन सेशन्स आम्ही झोप, जेवण, सकाळचं चालणं यांवरच बोलत राहिलो. चौथ्या वेळी त्यांनी आपणहून सांगितलं की कापूस वेचायला शेतात गेलं की त्यांना बरं वाटतं. संध्याकाळी उंबरा ओलांडला की छातीत गच्च होतं. म्हणजे 'घरमा' (घरात) हे त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. तो एक शब्द मला रविवारपर्यंत सांभाळता आला नाही, आणि त्याची किंमत काकूंनी तीन आठवडे मोजली.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवलं की विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सगळ्यात जास्त असतो. आपल्या कामात आधी जातात ते समोरच्याचे शब्द, असा माझा अनुभव आहे. आपण लावलेला अर्थ मात्र पक्का राहतो. म्हणून उशिरा लिहिलेल्या नोंदीत माणूस कमी आणि आपणच जास्त असतो.

नोंद टाळणाऱ्याला मी आळशी म्हणणार नाही. कुणी तासभर रडून गेलेलं असतं. लिहायला बसायचं म्हणजे ते पुन्हा ऐकायचं. दुसरं कारण भाषेचं. आपण शिकलो इंग्रजीत. रावेर-यावलकडचा माणूस लेवा बोलीत बोलतो, धुळ्याकडचा अहिराणीत. आपण ते प्रमाण मराठीत समजून घेतो आणि इंग्रजीत लिहायला जातो. दोन-दोन भाषांतरं करायची म्हटल्यावर हात जड होणारच. मी ज्या बोलीत ऐकते त्याच बोलीत, अवतरणचिन्हांत लिहायला लागले आणि निम्मं ओझं तिथेच उतरलं.

उरलेलं ओझं सुबक लिहिण्याच्या हट्टाचं होतं. लॉरेन्स वीड या अमेरिकी डॉक्टरांनी १९६८ मध्ये रुग्णनोंदींच्या मांडणीवर लेख लिहिला. 'सोप' (इंग्रजी आद्याक्षरांचं SOAP) नावाची चार भागांची पद्धत त्यांच्याच कामातून आली. माझ्या चार ओळी त्याच धर्तीच्या आहेत: ती व्यक्ती काय म्हणाली, मला काय दिसलं, मला काय वाटतं, पुढे काय करायचं. एवढंच. एखाद्या दिवशी पाचवी ओळ सुचते, पण तिची वाट पाहायची नाही.

वेळेचं म्हणाल तर पन्नास मिनिटं बोलणं आणि दहा मिनिटं नोंद. आपल्याकडे अडचण ही की चाळीसगावची एसटी उशिरा आली की पुढचं सगळं सरकतं आणि पहिली ही दहा मिनिटंच जातात. अशा वेळी मी बोलणं चाळीस मिनिटांवर आणते, पण नोंदीची वेळ सोडत नाही. काहींना हे कठोर वाटतं. मला मात्र पुढच्या भेटीत त्या माणसाला सगळं पहिल्यापासून सांगायला लावणं जास्त कठोर वाटतं.

बोलणं चालू असताना मी लिहीत नाही. खेड्यातल्या माणसाला समोर कागद-पेन दिसलं की कचेरी आठवते, तो आखडतो. त्याऐवजी शेवटच्या पाच मिनिटांत मी विचारते, "आजचं काय लिहून ठेवू?" लोक फार नेमकं सांगतात. शिवाय मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २५ नुसार रुग्णाला आपल्या उपचारांच्या मूलभूत नोंदी पाहण्याचा हक्क आहे. त्याच्यासमोर वाचता येईल असंच लिहायची सवय त्यामुळे आपोआप लागते. इथे नात्यागोत्यात सगळे एकमेकांना ओळखतात. म्हणून गावाचं, पाहुण्यारावळ्यांचं नाव मी गरज असल्याशिवाय लिहीतच नाही.

एका बाबतीत मात्र चार ओळींवर भागवू नका. कुणी जीव देण्याचं बोललं असेल तर आपण काय विचारलं, काय उत्तर मिळालं, काय ठरलं, घरच्या कुणाला सांगितलं, हे सगळं दार बंद करून घरी जाण्याआधी लिहा. तिथे 'उद्या' नाही.

आणि आधीच तुंबलेल्यांचं? आधी आजची लिहा. जुन्या रोज दोन घ्या. सेशनची तारीख आणि लिहिल्याची तारीख, दोन्ही घाला. जेवढं खरोखर आठवतं तेवढंच लिहा, बाकी जागा कोरी राहू द्या. अंदाजाने भरलेली नोंद पुढच्या समुपदेशकालाही चुकीच्या वाटेने नेते. काकूंची पहिली नोंद मी खोडली नाही. तिच्याखाली नंतरची तारीख घालून एक ओळ जोडली: "'घरमा' म्हणाल्या होत्या."