ग्राफिक्स कार्ड? अकरा दिवस होतं

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि एकदाच सांगते. "पीसी स्वतः बांधलास, मग ग्राफिक्स कार्ड का नाही घेतलंस?" घेतलं होतं. अकरा दिवस माझ्या घरात होतं.

भाचे विचारतात ते समजतं, त्यांना खेळायचं असतं. पण ज्यांनी जन्मात कधी कॅबिनेटचं झाकण उघडलेलं नाही तेही काचेतून आत डोकावतात आणि पंगतीत माझ्याच पानावर जिलबी वाढायची राहिल्यासारखं तोंड करतात. मी पुस्तकांची अक्षरजुळणी करते. पानं लावते, मुखपृष्ठं करते, कधी एखाद्या प्रकाशकाला दोन मिनिटांचा व्हिडिओ करून देते. याला रॅम म्हणजे चालू कामाची मेमरी लागते, फाइली साठवायला चांगली एसएसडी लागते. खेळांची भारी चित्रं रंगवणारं वेगळं कार्ड लागत नाही. हे मी इतक्या वेळा इतक्या ठासून सांगितलंय की आता माझा मलाच संशय येतो.

२०२२ची दिवाळी. मॉनिटर आणि कीबोर्ड जुनेच ठेवून बाकी सगळं ३५ हजारांत बसवायचं होतं. प्रोसेसर, म्हणजे मशीनचा मेंदू, रायझन ५ ५६००जी. त्यातल्या शेवटच्या 'जी'साठीच तो निवडला, कारण त्याच्या पोटातच ग्राफिक्स असतं. नुसता ५६०० घेतला असता तर स्क्रीनवर काही दिसायलाही वेगळं कार्ड लागलं असतं. रॅम १६ जीबी, पण ८-८च्या दोन पट्ट्या. आतलं ग्राफिक्स रॅममधूनच मेमरी उचलतं, एका पट्टीवर ते लंगडतं. हे सगळं मला ठाऊक होतं. तीन महिने तक्ता करत बसले होते. अडाणीपणानं फसले असते तर एवढं लागलं नसतं.

मदरबोर्डात, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या पाटीत, मी २,८०० रुपये वाचवले. बी५५० सोडून बी४५० घेतला. प्रोसेसर बसायची खाच, सॉकेट, दोन्हीकडे तीच, एएम४. गोम अशी की बी४५० आला २०१८मध्ये आणि माझा प्रोसेसर २०२१चा. दुकानाच्या फळीवर जुना पडून असलेला बोर्ड या प्रोसेसरला ओळखतच नाही. प्रोसेसर बसतो व्यवस्थित, पंखे फिरतात, पण पडदा काळा. बोर्डाचं बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारी त्याच्यातली मूळ प्रणाली, आधी नवीन करून घ्यावं लागतं, तेही दुसरा जुना प्रोसेसर बसवून. काही बोर्डांवर नुसत्या पेन ड्राइव्हवरून बायोस भरायचं बटण असतं. माझ्या स्वस्तातल्या बोर्डावर ते नव्हतं.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या त्या दुकानदारानं मला विचारलं होतं. "मॅडम, बायोस करून देऊ? तीनशे होतील." मला वाटलं, बाईमाणूस बघून, बाहेरगावची बघून तीनशे उकळतोय. सांगलीहून आले असले तरी मला कळतं सगळं, असा चेहरा करून मी नको म्हटलं आणि रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये खोके मांडीवर घेऊन बसले.

घरी धनत्रयोदशीच्या रात्री जोडलं. पंखे फिरले. पडदा काळा. रॅम काढून घातली, केबल बदलली, प्रोसेसर उचलून पिना बघितल्या, त्याच्यावर उष्णता वाहून नेणारी पेस्ट पुन्हा लावली. दोन वाजता आई उठून आली, "आधीचा निदान चालू तरी होत होता," म्हणाली आणि गेली. सकाळी मावसभावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, डिस्प्ले येत नाही म्हणजे कार्ड लागणार." त्याचं फार चुकलं नव्हतं. 'जी' नसता तर तेच उत्तर बरोबर होतं. माझ्याकडे 'जी' होता, डबीवर तसं छापलेलं होतं, आणि तरी मी त्याला हो म्हटलं.

आता इथं मी सगळ्यांना सांगते की बायोसचं माझ्या डोक्यातच आलं नाही. ते खोटं आहे. त्याच सकाळी चहा पिताना तो दुकानदार आठवला होता. पण ते कबूल केलं तर तीनशे रुपयांचा माझा शहाणपणा कबूल करावा लागला असता. आणि खरं सांगायचं तर कार्ड घ्यायला इतकं सोज्वळ कारण मला पुन्हा मिळालं नसतं.

त्याच वर्षी १५ सप्टेंबरला इथेरियम या आभासी चलनानं मायनिंगची, म्हणजे ग्राफिक्स कार्डांवर गणितं सोडवून नाणी मिळवायची, पद्धत सोडली होती आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली होती. एकाकडून आरएक्स ५८० हे कार्ड घेतलं, ८ जीबी, साडेसात हजारांना. २०१७चं मॉडेल. त्यानं स्वतःच्या मशीनवर चालवून दाखवलं. माझ्याकडे आणून लावलं. पडदा काळा.

सात दिवस ते टेबलावर पडून होतं. मी शेजारी फराळाचा डबा घेऊन बोर्डाच्या कंपनीची, कुठले प्रोसेसर चालतात त्याची, यादी बघत बसायचे. त्या यादीत ५६००जी होता. खरेदीआधीही मी तो बघितला होता आणि खूश झाले होते. त्याच ओळीत पुढे बायोसची आवृत्ती लिहिलेली असते, तिथपर्यंत माझी नजर गेलीच नव्हती. लोकांच्या पुस्तकांत अनुस्वार शोधते मी.

शेवटी इथल्याच एका दुरुस्तीवाल्यानं जुना प्रोसेसर लावून अर्ध्या तासात बायोस बदललं. पाचशे घेतले. मदरबोर्डालाच केबल लावली आणि चित्र आलं, कार्डाविना.

तेव्हाच कार्ड विकायला हवं होतं. मी ते लावलं. दोन रात्री गेममध्ये गाडी पळवली, दोनदा पहाटे तीन वाजले. कामासाठी घेतलंय म्हणणारी मी. तिसऱ्या रात्री पडद्यावर हिरवे-गुलाबी चौकोन उमटायला लागले. विकणाऱ्याला फोन केला. "माझ्याकडं चालत होतं, तुम्ही बघितलंत." बघितलं होतंच. त्याच दुरुस्तीवाल्यानं सुट्या भागांसाठी ते १,८०० रुपयांना घेतलं.

म्हणून नाही. पुरे?

पण तक्ता अजून माझ्याकडे आहे, आणि त्यात एक ओळ अशी आहे जिचं उत्तर मला देता येत नाही. माझ्या मशीनला पूर्ण जोरात चालवलं तरी दीडशे वॅट लागत नाहीत. एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, मात्र मी ५५० वॅटचा घेतलाय, ब्राँझ मानांकनाचा, ४,१०० रुपयांचा. मदरबोर्डात २,८०० वाचवणारी मी तिथं सढळ हातानं खर्च करून मोकळी झाले, तेही दुकानात जायच्या दोन महिने आधी ठरवून. "दर्जेदार असावा" असा पुढे शेरा आहे. दर्जेदार साडेचारशे वॅटचाही मिळत होता.

परवा भाच्यानं धूळ काढायला मागचं झाकण उघडलं. आत वायरींच्या जुडग्यात सहा अधिक दोन पिनांची एक केबल आहे, पुन्हा कंपनीच्याच चिमट्यात बांधून ठेवलेली. "मावशी, ही कशाची?"

"कार्डाची."

"मग काढून टाकू? उगाच हवा अडवते."

"राहू दे," म्हटलं.