दहा बाय चौदाची खोली आणि आमचा शरणपूर रोड

ग्लासगोला लेकीकडे तीन आठवडे राहून आले. त्यातले एडिनबरोचे दोन दिवस गर्दीत गेले आणि सरोवरांचे दोन दिवस धुक्यात. त्यांच्याबद्दल लिहावंसं काही वाटत नाही. लिहायचंय ते एका ओल्या शनिवारबद्दल, आणि त्या शनिवारी मला घराबाहेरसुद्धा पडायचं नव्हतं.

"आई, ब्लँटायरला जाऊ. लिव्हिंगस्टनचं घर आहे तिथे," लेक म्हणाली. शाळेत वाचलेला लिव्हिंगस्टन म्हणजे आफ्रिका धुंडाळणारा प्रवासी, व्हिक्टोरिया धबधबा आणि त्याला शोधत गेलेल्या स्टॅन्लीने भेटल्यावर विचारलेलं ते "डॉक्टर लिव्हिंगस्टनच ना?" हे वाक्य, एवढंच मला आठवत होतं. तो मिशनरी होता हे तिने सांगितल्यावर तर मी आणखीच आखडले. सकाळी रामरक्षा म्हटल्याशिवाय चहा न घेणाऱ्या घरात मी वाढले. परमुलखात जाऊन लोकांना त्यांचे देव सोडायला सांगणाऱ्या माणसाचं घर मी कशाला बघायचं? तिने तिकिटं काढून ठेवली होती म्हणून गेले.

ग्लासगो सेंट्रलहून लोकलने वीस-एक मिनिटं, पुढे दहा मिनिटं पायी. क्लाइड नदीच्या काठी, झाडांच्या दाटीत एक लांबट पांढरी चाळ उभी आहे. चाळच म्हणते, कारण सूतगिरणीच्या कामगारांसाठी बांधलेली, चोवीस कुटुंबांची ती इमारत दुसरं काही नाहीच. त्यातल्या एका खोलीत 19 मार्च 1813 ला डेव्हिड लिव्हिंगस्टन जन्मला. खोली दहा फूट बाय चौदा फूट, आणि तीत आईवडील धरून सात माणसं. भिंतीतल्या कोनाड्यात पलंग, त्याच्याखाली रात्री ओढून काढायचा दुसरा पलंग. आमच्या वाड्यातल्या दोन खोल्यांत आम्ही आठजण झोपत होतो. त्या खालच्या पलंगाकडे बघताना मला एकदम आमच्या गाद्यांची वळकटी दिसली, आणि माझं आखडलेपण तिथेच थोडं सैल झालं.

दहाव्या वर्षी तो गिरणीत लागला. काम तुटलेले धागे जोडण्याचं, सकाळी सहा ते रात्री आठ. पहिल्या पगारातून त्याने लॅटिनचं व्याकरण विकत घेतलं. पुस्तक यंत्रावर उघडं ठेवायचं, जाता-येता एकेक वाक्य वाचायचं, आणि सुटल्यावर रात्रशाळा. वडील घरोघर चहा विकत, आणि चहाबरोबर धर्माची पत्रकं वाटत. पोराने विज्ञानाची नि प्रवासाची पुस्तकं सोडून धार्मिक वाचावं, असा त्यांचा हट्ट. एक धार्मिक पुस्तक वाचायला त्याने साफ नकार दिला, तेव्हा वडिलांनी छडी काढली. हा छडीचा शेवटचा मार त्याने स्वतःच लिहून ठेवलाय.

विज्ञान आणि देव यांचं भांडण त्याच्या डोक्यात मिटवलं थॉमस डिक नावाच्या लेखकाने. डिक खगोलशास्त्रही लिहायचा आणि श्रद्धेवरही. दोन्ही एकाच घरात नांदू शकतात हे त्याच्या पुस्तकातून कळल्यावर हा मुलगा श्रद्धेकडे आपल्या पायांनी चालत गेला. माझ्या मते त्याच्या धर्माची खरी ओळख इथे आहे. छडीने तो आला नाही, पुस्तकाने आला. पुढे डॉक्टर होऊन चीनला जायचं ठरलं होतं, अफूच्या युद्धाने ती वाट बंद झाली, म्हणून आफ्रिका.

आता ज्या गोष्टीचा मला धसका होता तिच्याबद्दल. या जगप्रसिद्ध मिशनऱ्याने आफ्रिकेत स्वतः बाप्तिस्मा देऊन ख्रिस्ती केलेला ठळक माणूस एकच: क्वेना लोकांचा राजा सेचेले. त्याने लिव्हिंगस्टनला आधी विचारलं होतं की हे सगळं इतकं महत्त्वाचं आहे, तर तुमच्या पूर्वजांनी आमच्या पूर्वजांना आधीच का नाही कळवलं? (मला हा प्रश्न फार आवडला. आमच्या आजीनेही हाच विचारला असता.) 1848 मध्ये सेचेलेने बाप्तिस्मा घेतला, एक सोडून बाकीच्या बायकांना माहेरी पाठवलं, आणि काही महिन्यांत त्यांतल्या एकीला दिवस गेल्याचं उघड झालं. लिव्हिंगस्टनने त्याला चर्चच्या मंडळीतून बाजूला केलं. सेचेले मात्र पुढे आयुष्यभर आपल्या लोकांना बायबल शिकवत राहिला. मला वाटतं, लिव्हिंगस्टनने त्याला समजून घ्यायला हवं होतं. ज्या बायकांना एका रात्रीत घराबाहेर काढलं, त्यांचं काय झालं असेल, हे त्या कडक नियमात कुठेच बसत नाही.

आणि त्याच्या स्वतःच्या बायकोचं काय? मेरीला पोटुशी असताना, लेकरांसकट तो वाळवंट तुडवत एन्गामी सरोवराकडे घेऊन गेला. परत आल्यावर झालेली मुलगी काही आठवड्यांतच गेली. तरी पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मेरीच्या आईने, म्हणजे त्याच्या सासूने, त्याला खरमरीत पत्र लिहिलं होतं. त्या पत्राबद्दल वाचताना मी पूर्णपणे सासूच्या बाजूची होते. देवाने आपल्याला एका कामासाठी निवडलंय असं मनात पक्कं बसलं की घरच्यांचे हाल दिसेनासे होतात. हे मी आपल्याकडेही पाहिलंय, म्हणून जास्त लागलं.

तरीही एका प्रसंगापाशी थांबले. जानेवारी 1856. आफ्रिका आडवी ओलांडून येताना लुआंग्वा आणि झांबेझी जिथे मिळतात तिथे तो पोचला. समोरचे लोक बिथरलेले, सकाळी हल्ला होईल अशी लक्षणं. रात्रीच गुपचूप नदी ओलांडावी असं त्याच्या मनात आलं. मग त्याने बायबल उघडलं. येशूचं वचन आहे, "मी सदैव तुमच्याबरोबर आहे." त्याच्याखाली त्याने वहीत लिहिलं की हा अत्यंत सभ्य आणि सच्च्या गृहस्थाचा शब्द आहे, तेव्हा विषय संपला, मी रात्री चोरून जाणार नाही. सकाळी सगळ्यांसमोर नदी ओलांडली. देवाचा शब्द म्हणजे सज्जन माणसाचा शब्द, तो मोडणारच नाही! मला आमचे आजोबा आठवले, जे विठोबाबद्दल असंच बोलायचे, जणू तो पलीकडच्या आळीत राहतो.

हे सगळं होईपर्यंत मी चांगली भिजलेली होते आणि गुडघा बोलायला लागला होता. तिथे मदतीला असलेल्या एका आजींनी मला खुर्ची दिली. कुठून आलात विचारलं. मी नेहमीसारखं "इंडिया, मुंबईजवळ" म्हटलं. लेक म्हणाली, "नाशिकहून."

आजी एकदम थांबल्या. "नासिक? नासिक बॉइजचं नासिक?"

मला काही कळेना. माझ्या गावाचं नाव ब्लँटायरमध्ये या बाईंच्या तोंडी कसं? त्यांनी मला हाताला धरून पुन्हा आत नेलं आणि सांगायला बसल्या. त्यातलं पुष्कळसं घरी येऊन मी पुन्हा वाचून काढलं.

1864 मध्ये लिव्हिंगस्टन स्वतःची छोटी आगबोट हाकत झांझिबारहून मुंबईला आला होता. पुढच्या वर्षी पुन्हा आला. तेव्हा नाशिकला शरणपूर नावाची ख्रिस्ती वस्ती होती. अरबी समुद्रात इंग्रज आरमार गुलामांची गलबतं पकडायचं, त्यांतून सुटलेली आफ्रिकन मुलं तिथे ठेवत. हेच ते नासिक बॉइज. सुतारकाम, लोहारकाम, इंग्रजी, प्रार्थना. शेवटच्या मोहिमेसाठी लिव्हिंगस्टनने त्यांतले नऊ तरुण बरोबर घेतले. 1872 मध्ये आणखी काहीजण त्याच्याकडे पोचले. त्यांत होता जेकब वेनराइट.

1 मे 1873 च्या पहाटे, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावात, लिव्हिंगस्टन पलंगाशी गुडघे टेकलेला, डोकं हातांत, असा मृत सापडला. बरोबरच्या माणसांनी त्याचं काळीज एका झाडाखाली पुरलं. देह मीठ घालून दोन आठवडे उन्हात सुकवला, कापडात, मग झाडाच्या सालीत, मग शिडाच्या कापडात गुंडाळला आणि हजार मैलांहून जास्त चालत किनाऱ्यापर्यंत नेला. वाटेत एका इंग्रज अधिकाऱ्याने सुचवलं, इथेच पुरा. सुसी आणि चुमा या त्याच्या जुन्या आफ्रिकन सोबत्यांनी आणि बाकीच्यांनी ऐकलं नाही.

त्या झाडाखाली अंत्यविधीची प्रार्थना कोणी म्हटली? पुस्तक हातात धरून ती मोठ्याने वाचली जेकब वेनराइटने. झाडाच्या खोडावर अक्षरंही त्यानेच कोरली. ते वाचन, ती अक्षरं तो शिकला शरणपुरात.

मला रडू आलं, आणि लेक घाबरली. तिला कसं सांगू? शरणपूर रोडवर माझा दातांचा डॉक्टर आहे, माझा शिंपी आहे. चाळीस वर्षं मी त्या रस्त्याने जाते-येते. रिक्षावाल्याला हजार वेळा "शरणपूर रोड" म्हटलं असेल, आणि शरण आलेल्यांचं गाव म्हणून शरणपूर, हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. गलबताच्या तळातून काढलेली ती लेकरं माझ्या गावात मोठी झाली, गोदेचं पाणी प्यायली, आणि मला त्यांतल्या एकाचंही नाव ठाऊक नव्हतं.

18 एप्रिल 1874 ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमध्ये लिव्हिंगस्टनचं दफन झालं तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत वेनराइट होता. सुसी आणि चुमा इंग्लंडला पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. तिथल्या शिळेवर लिहिलंय की विश्वासू हातांनी याला जमिनीवरून आणि समुद्रावरून आणलं. नुसते हात! हातांना नावं होती की. मला त्या शिळेचा रागच आला, अजूनही आहे.

वेनराइटची इंग्रजीत लिहिलेली रोजनिशी याच ब्लँटायरच्या संग्रहालयाकडे आहे, असं आजी म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "शरणपूर. नीट कसं म्हणायचं?" मी तीनदा म्हणून दाखवलं. त्यांना 'ण' काही जमेना, पण त्या सोडेनात. अर्थ विचारला, तो सांगितला. त्यांनी खिशातली छोटी वही काढून रोमन लिपीत तो शब्द लिहिला आणि वही माझ्यापुढे केली. मी त्याच्याखाली देवनागरीत लिहिलं: शरणपूर, नाशिक. आणि त्याच्याखाली, त्यांनी न सांगताच, जेकब वेनराइट.